ढिगाऱ्याखालचा शोध : भारतातील बचावशास्त्राची घडण

कोसळलेल्या इमारतीखाली अडकलेल्या जिवंत माणसाचा माग काढून त्याला सुखरूप बाहेर आणण्याचे शास्त्र, म्हणजेच नागरी शोध व बचाव, भारतात स्वतंत्र कार्यक्षेत्र म्हणून फार उशिरा उभे राहिले. त्यापूर्वी हे काम अग्निशमन दलाकडे आणि हवाई हल्ल्यांच्या भीतीतून जन्मलेल्या नागरी संरक्षण संघटनेकडे असे. नागपुरात १९५७ साली स्थापन झालेली आपत्कालीन मदतीची प्रशिक्षण संस्था, जी पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेली, ती याच परंपरेतील होय.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गावे निजलेली असताना, किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने या परंपरेच्या मर्यादा उघड्या पाडल्या. तेथील घरे माळवदाची होती. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे जाड थर चढवून केलेले सपाट छत, आणि गळती थांबावी म्हणून त्यावर नवी माती पडत राहिल्याने त्याचा भार पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेला. मातीत रचलेल्या दगडी भिंतींचे आतले व बाहेरचे पदर जोडदगडांनी बांधलेले नसल्याने त्या फुटून पसरल्या आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. अशा ढिगाऱ्यात हवेची पोकळी क्वचितच उरते, म्हणून पहिल्या काही तासांत उपसा झाला नाही, तर पुढची यंत्रसामग्री मृतदेह काढण्यापुरतीच उपयोगी पडते. लष्कर आले, दूरदूरचे स्वयंसेवक आले, परंतु जी माणसे जिवंत निघाली त्यांतील अनेकांना शेजाऱ्यांनीच हातांनी उकरून काढले होते.

२६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपाने वेगळाच प्रश्न पुढे आणला. केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेतही सिमेंट-काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. तळमजल्यावर वाहनतळासाठी केवळ खांब ठेवलेले असल्यास ते आधी मोडतात व वरचे मजले एकावर एक बसतात. मात्र स्लॅबच्या तिरप्या तुकड्यांखाली पोकळ्या राहतात आणि त्यांत माणूस काही दिवसही तग धरू शकतो. त्याला शोधणारे श्वान, ध्वनिग्राहक आणि फटीत सरकवायचे कॅमेरे घेऊन स्वित्झर्लंड, ब्रिटन आदी देशांची पथके आली, आणि अशी सिद्धता भारतापाशी नसल्याची बोच सर्वांना लागली.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या डिसेंबरमध्ये झाला, आणि त्यानुसार २००६ साली केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या आठ तुकड्यांतून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. आरंभी याच जवानांना बंदोबस्ताचीही कामे पडत. २००८ च्या नियमांनी हे दल आपत्तीसाठीच राखीव झाले, आणि दलाची खरी घडण तेथूनच सुरू झाली असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. प्रत्येक पथकात पंचेचाळीस जण असून त्यांत अभियंता, तंत्रज्ञ, विजेचे जाणकार, वैद्यकीय सहायक आणि श्वान हाताळणारे यांचा समावेश असतो.

या कामात बळापेक्षा संयम मोलाचा ठरतो. ठरावीक वेळाने सर्व यंत्रे बंद करून संपूर्ण शांतता पाळली जाते आणि ढिगाऱ्यातून येणारी ठोक किंवा हाक टिपली जाते. स्लॅब उचलताना लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून त्याला बोटा-बोटाने आधार दिला जातो. दीर्घकाळ दबलेल्या स्नायूंतील घातक द्रव्ये भार हटताच रक्तात मिसळून मूत्रपिंडे निकामी करू शकतात, म्हणून शक्य असेल तेथे सुटकेआधीच सलाईन लावतात.

२०११ साली दलाचे सेहेचाळीस जण जपानला आणि २०२३ साली पथके तुर्कस्तानला गेली, म्हणजे भूजला मदत घेणारा देश मदत देणारा झाला. तरीही २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी महाडमधील पाच मजली इमारत कोसळली तेव्हा पुण्याहून व मुंबईहून पथके घाट आणि महामार्ग पार करून पोहोचेपर्यंत रात्र उलटू लागली होती, आणि त्या मधल्या तासांचा भार स्थानिक तरुणांनी, गिर्यारोहकांनी व पोलिसांनी वाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वर्षांचा एक मुलगा जिवंत निघाला. राष्ट्रीय दल कितीही सज्ज असले, तरी ते महाडसारख्या गावापासून काही तास दूरच असते, आणि हे अंतर भरून काढणारी शिकवलेली माणसे बहुतेक नगरपालिकांपाशी आजही नाहीत.