टेम्सची शुद्धि

इ. स. १८५८ च्या उन्हाळ्यांत लंडनच्या टेम्स नदीला अशी दुर्गंधी सुटली कीं, तीरावरील पार्लमेंटांत सभासदांस बसवेना. तेव्हां जोसेफ बाझलगेट या इंजिनियरानें शहराखालून मोठालीं गटारें बांधून मैला पूर्वेस बेक्टन व क्रॉसनेस येथें नेला आणि ओहोटीबरोबर नदींत सोडला. १८६६ नंतर पटकीची मोठी साथ लंडननें पाहिली नाहीं. परंतु घाण दूर गेली होती, नाहींशी झाली नव्हती. १८७८ च्या सप्टेंबरांत ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही आगबोट टक्कर होऊन त्याच मैल्याच्या पाण्यांत बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. मग चुना व लोहक्षार घालून गाळ खालीं बसविण्याची योजना झाली. १८८७ पासून तो गाळ जहाजांतून समुद्रांत टाकीत. हा प्रघात १९९८ पर्यंत चालला. दरम्यान शहर वाढलें, शुद्धीकरणाचे कारखाने अपुरे पडले, आणि १९५७ मध्यें नदी मृतवत् ठरली. पुढें पाण्यांत हवा खेळवून जंतूंकरवीं तें शुद्ध करणाऱ्या टाक्या दोन्ही ठिकाणीं वाढविण्यांत आल्या. १९७४ मध्यें टेम्समध्यें सामन मासा पुन्हां सांपडला. गटारांनीं शहर वांचतें. नदी वांचावयाची तर शहराबरोबर हे कारखानेही वाढावे लागतात.