गुडघे, हाडवैद्य आणि डॉक्टर
सांधेदुखीवरील हस्तोपचारांचा इतिहास

यरुशलेम येथील आद्य ख्रिस्तसभेचे प्रमुख संत याकोब यांच्याविषयीची एक आठवण दुसऱ्या शतकातील लेखक हेगेसिपस यांनी लिहून ठेवली होती. चौथ्या शतकात इतिहासकार युसेबियस यांनी ती आपल्या ग्रंथात घेतल्यामुळे ती आपल्यापर्यंत पोहोचली. लोकांसाठी क्षमायाचना करीत संत याकोब मंदिरात इतका काळ गुडघ्यांवर असत, की त्यांचे गुडघे उंटाच्या गुडघ्यांसारखे टणक झाले होते. गुडघा हा आपल्या परंपरेत केवळ चालण्याचा अवयव नाही, तो प्रार्थनेचाही अवयव आहे. म्हणूनच साठी उलटलेल्या आमच्या आयाबहिणी गुडघा दुखू लागला म्हणजे जिना कसा चढावा यापेक्षा मिस्सेत गुडघे कसे टेकावेत, याच चिंतेने अधिक व्याकूळ होतात.

ज्या विकाराला आपण ढोबळपणे 'गुडघ्यांची झीज' म्हणतो, त्याचे वैद्यकीय नाव ऑस्टिओआर्थ्रायटिस. या विकाराने ग्रासलेल्या माणसाने सांधा हलवावा की जपून ठेवावा, हा वाद शेकडो वर्षे चालला. त्यात वैद्यकशास्त्राचे पदवीधर एका बाजूला आणि अशिक्षित हाडवैद्य दुसऱ्या बाजूला असे चित्र दीर्घकाळ राहिले. त्या वादाची हकीकत आज आठवणे आवश्यक वाटते, कारण त्याचे उत्तर मिळूनही ते आपल्या घराघरांत अद्याप पोहोचलेले नाही.

हाडवैद्यांची परंपरा

हातांनी सांधा खेचणे, दाबणे व बसविणे ही विद्या फार जुनी आहे. हिप्पोक्रेटिस यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या सांध्यांविषयीच्या ग्रीक ग्रंथात पाठीच्या कण्याला ताण व दाब देण्याच्या पद्धती वर्णिलेल्या आहेत. मध्ययुगीन युरोपात आजाऱ्यांची शुश्रूषा मोठ्या प्रमाणावर मठांतून होत असे. परंतु १२१५ साली पोप तिसरे इनोसंट यांच्या कारकिर्दीत भरलेल्या चौथ्या लॅटेरन धर्मपरिषदेने धर्मगुरू व उपगुरू यांना कापण्याची आणि डागण्याची शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली. रक्त सांडणाऱ्या क्रिया न्हाव्यांकडे गेल्या. हाडे बसविण्याची कला मात्र घराण्याघराण्यांतून, बापाकडून मुलाकडे चालत राहिली. १६५६ साली लंडनमध्ये हाडवैद्यकावरील एक इंग्रजी पुस्तक सुधारून प्रसिद्ध करण्यात आले. त्याचे मूळ कर्तृत्व संत ऑगस्टिनच्या संघातील मोल्टन नावाच्या एका संन्याशाकडे दिले जाते.

ही विद्या पुरुषांपुरती मर्यादित नव्हती. इंग्लंडमधील एप्सम गावी सेरा मॅप ही हाडवैद्यीण १७३६ साली एवढी गाजली, की विख्यात चित्रकार हॉगार्थ याने डॉक्टरांची टर उडविणाऱ्या आपल्या चित्रात तिलाही स्थान दिले. शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी तिच्यावर कडक टीका केली. पुढच्याच वर्षी ती मरण पावली. आपल्याकडेही गावोगावी हाडवैद्य होते व आहेत. लोकांचा विश्वास आणि डॉक्टरांचा तिटकारा हे दोन्ही त्यांच्याही वाट्याला आले.

या तिटकाऱ्याला पहिला तडा दिला तो एका मोठ्या शल्यवैद्यानेच. सर जेम्स पॅजेट यांनी १८६७ साली आपल्या व्याख्यानात डॉक्टरांना बजावले, की हाडवैद्य जे रोगी बरे करतात त्यांच्याकडे नीट पाहा. दुखापतीनंतर अवाजवी काळ विश्रांती दिल्याने सांधे आखडतात आणि आपण आखडविलेला सांधा हाडवैद्य मोकळा करतो. ते काय चांगले करतात ते शिका आणि जे वाईट करतात ते टाळा, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७१ मध्ये, डॉ. व्हार्टन हूड यांनी हाडवैद्यांची पद्धती वैद्यकीय नियतकालिकात उघड केली. त्यांच्या वडिलांनी हटन नावाच्या हाडवैद्यावर आजारपणात विनामूल्य उपचार केले होते. त्या उपकाराची फेड म्हणून हटन यांनी आपली विद्या शिकविण्याची तयारी दाखविली आणि मुलगा ती शिकला. दोन वैरी परंपरांमधील हा पूल कृतज्ञतेतून बांधला गेला, हे आम्हांस विशेष वाटते.

विश्रांतीचे राज्य

याच काळात लिव्हरपूल येथे ह्यू ओवेन टॉमस हे अस्थिशल्यवैद्य काम करीत होते. ते स्वतः वेल्समधील अँगलसीच्या हाडवैद्य घराण्यातले. वडील इव्हान टॉमस यांनी मात्र मुलाला रीतसर डॉक्टर केले. गंमत अशी, की याच वंशजाने सांध्याला सक्तीची, अखंड व दीर्घ विश्रांती द्यावी हा सिद्धांत मांडला. त्यांच्या काळी क्षयाने सांधे सडत आणि त्यावर औषध नव्हते. तेव्हा त्या रोगापुरता हा नियम योग्यच होता. परंतु क्षयाचा नियम झिजेला लावणे हे निराळे. दुखरा सांधा हलवू नये ही समजूत लोकमानसात खोल रुजली आणि आजही आमची मुले-सुना प्रेमापोटी म्हणतात, "आई, तू बसून राहा."

डेव्हनपोर्टचा दावा

अमेरिकेत या विद्येला वेगळे वळण लागले. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ पासून ऑस्टिओपॅथीचा पुरस्कार केला. त्यापाठोपाठ कॅनडात जन्मलेले डॅनियल डेव्हिड पामर पुढे आले. मिसिसिपी नदीकाठच्या डेव्हनपोर्ट शहरात ते चुंबकीय उपचार करीत. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्याच इमारतीत साफसफाईचे काम करणाऱ्या हार्वी लिलार्ड या कृष्णवर्णीय गृहस्थाच्या पाठीचा मणका आपण दाबून बसविला आणि त्याचे बहिरेपण गेले, असे पामर यांनी सांगितले. सॅम्युएल वीड या पाळकाने ग्रीक भाषेतील 'हात' आणि 'क्रिया' या दोन शब्दांवरून या उपचाराला 'कायरोप्रॅक्टिक' हे नाव सुचविले.

पामर तेथेच थांबले असते तर बरे झाले असते. शंभरातील पंचाण्णव रोग मणके सरकल्यामुळेच होतात, असा त्यांचा दावा होता. त्याला शास्त्रीय आधार तेव्हाही नव्हता व आजही नाही. १९०६ साली परवान्यावाचून वैद्यकी केल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली, तेव्हा दंड भरण्याऐवजी त्यांनी तुरुंग पत्करला. १९१३ मध्ये कॅन्सस राज्याने या व्यवसायाला कायदेशीर परवाना दिला. लुइझियाना या अखेरच्या राज्यात तो मिळेपर्यंत १९७४ साल उजाडले.

डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९६३ मध्ये या पंथाच्या बंदोबस्तासाठी खास समिती नेमली. त्याविरुद्ध चेस्टर विल्क व त्यांचे सहकारी १९७६ साली न्यायालयात गेले. १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनी डॉक्टरांच्या संघटनेचा बहिष्कार बेकायदेशीर ठरविला व १९९० मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. मात्र कायरोप्रॅक्टिक गुणकारी आहे की नाही, याचा निवाडा आपण केलेला नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. न्यायालयातील विजय म्हणजे रुग्णालयातील विजय नव्हे, हे भेद जाणणाऱ्यांनी विसरू नये.

हालचालीचा पुरावा

मग निवाडा झाला कुठे? प्रयोगशाळेत आणि रुग्णांच्या चाचण्यांत. सांध्यातील हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला, दाबला गेला व सुटला म्हणजे सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते. टोरांटोचे शल्यवैद्य रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० पासून सशांवर प्रयोग केले आणि इजा झालेली कूर्चा सततच्या हालचालीने अधिक चांगली भरून येते, असे दाखविले. १९९७ साली अमेरिकेत साठीपुढील ४३९ गुडघेदुखीच्या रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. चालण्याचा वा वजनाचा व्यायाम दीड वर्ष करणाऱ्यांची वेदना व हालचाल, केवळ आरोग्यविषयक माहिती मिळालेल्यांपेक्षा, माफक प्रमाणात पण निश्चित सुधारली.

हातांच्या उपचारांचे काय? २००० साली ८३ रुग्णांच्या एका चाचणीत फिजिओथेरपिस्टच्या हस्तोपचारांना व्यायामाची जोड दिल्यावर गुडघेदुखीत फायदा दिसला. तरीही तज्ज्ञांचे एकमत नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात व्यायाम, वजन घटविणे व काठी यांची जोरदार शिफारस केली, पण व्यायामाला हस्तोपचार जोडण्याची शिफारस केली नाही. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शनाने खुबा व गुडघा यांसाठी हस्तोपचारास मुभा दिली, परंतु व्यायामासोबतच. म्हणजे हाडवैद्याचा, कायरोप्रॅक्टरचा किंवा फिजिओथेरपिस्टचा हात झिजलेली कूर्चा पुन्हा उगवीत नाही. आखडलेला सांधा थोडा मोकळा करून तो रुग्णाला चालण्याचे बळ देऊ शकतो. पुढचे चालणे रुग्णानेच चालायचे असते.

अलीकडे मान व पाठ यांतून कडकड आवाज काढून दाखविणारी दृश्ये मोबाईलवर घरोघर पोहोचली आहेत. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्याने तो होतो. मानेला जोराचा हिसका दिल्यावर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना क्वचित, परंतु खऱ्या घडलेल्या आहेत. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांनी तर असल्या हिसक्यांपासून दूरच राहावे. सांधा लाल व गरम होऊन सुजला, ताप आला, किंवा पायातील शक्ती गेली, तर प्रथम डॉक्टरांकडे जावे.

बाकीचे उपाय साधे आहेत. रोज झेपेल तेवढे चालावे. खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरावा, म्हणजे मांडीचे स्नायू बळकट होतात. वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी आणि ती धरताना लाजू नये. पोप फ्रान्सिस गुडघ्याच्या दुखण्यामुळे २०२२ च्या मे महिन्यापासून चाकांच्या खुर्चीत बसून जगासमोर आले आणि २०२५ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी आपली सेवा थांबविली नाही.

आता ज्या चिंतेचा आरंभी उल्लेख केला तिच्याविषयी. मिस्साविधीच्या सर्वसाधारण सूचनांत ख्रिस्तसभेने आजारी व अशक्त भाविकांचा विचार करून ठेवला आहे. ज्यांना अर्पणाच्या वेळी गुडघे टेकता येत नाहीत त्यांनी, धर्मगुरू गुडघा टेकून वंदन करीत असताना, खोलवर मस्तक व कंबर लववून नमन करावे. त्यात भक्तीची उणीव नाही. आमच्या धर्मग्रामांतील वृद्ध मातापित्यांना हे कोणीतरी शेजारी बसून सांगितले पाहिजे. आणि मिस्सा संपल्यावर त्यांना रिक्षात बसवून देण्याची घाई न करता, हात धरून ख्रिस्तमंदिरापासून घरापर्यंत सावकाश चालत नेले पाहिजे.