पुणें आणि मुंबई : रोजगार व बेकारी यांची तुलना (इ. स. १८१७ ते १८८१)

पेशवाई बुडाली आणि पुण्याचा रोजगार मुंबईनें नेला, असें विधान आपल्याकडील लेखनांत वारंवार आढळतें. या विधानाचे दोन भाग आहेत. पेशवाईच्या अखेरीबरोबर पुण्यांतील हजारों माणसें बेरोजगार झालीं, हा पहिला; व तोच रोजगार पन्नास कोसांवरील मुंबईस गेला, हा दुसरा. पहिला भाग निर्विवाद आहे. दुसरा मात्र कालगणनेच्या कसोटीस उतरत नाहीं, असें आमचें मत आहे. हें मत कोणत्या आधारावर बनलें व त्यापासून जुन्या कागदांच्या संग्राहकांनीं काय बोध घ्यावा, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम दोन्ही शहरांची एकाच वेळची स्थिति पाहूं. ता. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं बांधलेलें 'ट्रिंकोमाली' नांवाचें सागवानी लढाऊ जहाज पाण्यांत सोडण्यांत आलें. त्यानंतर चोवीस दिवसांनीं, म्हणजे ५ नोव्हेंबर रोजीं, खडकीची लढाई झाली. आणि १७ नोव्हेंबर रोजीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण लागलें. एका शहरांत सुतार, लोहार व मजूर इंग्रजी आरमाराच्या मागणीवर काम करीत होते. दुसऱ्यांत ज्या एका दरबारावर सर्वांचें पोट, तो दरबारच उठून चालला होता. मुंबईची ही भरभराट पुण्याच्या पाडावानंतरची नव्हे. वाडिया घराण्याचा मूळ पुरुष लवजी नसरवानजी हा सुरतेहून मुंबईस आला तो इ. स. १७३६ च्या सुमारास. मुंबई वाढली ती प्रथम सुरतेच्या व्यापारावर व कारागिरांवर.

पुण्याचा रोजगार मात्र निराळ्या जातीचा होता. मोडी कागदांत 'रोजगार' हा शब्द बहुधा चाकरी या अर्थीं येतो. अंगमेहनतीच्या कामास 'मजुरी' असा शब्द आहे. हा शब्दभेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. फडावरील कारकून, हुजरे, खिजमतगार, शागीर्दपेशा, पागेवरील बारगीर, आपल्या घोड्यानिशीं चाकरी करणारे शिलेदार, निरनिराळ्या कारखान्यांकडील माणसें, आणि वर्षासनें व श्रावणमासची दक्षिणा घेणारे वैदिक व शास्त्री, या सर्वांचें मूळ एकाच खजिन्यांत. सोनार, शिंपी, जिनगर, कासार, तांबट व सावकार हे या आश्रितांवर अवलंबून. म्हणजे पुण्यांत मालक एक व आश्रित हजारों. मालक गेला कीं सर्व रचना एकदम कोसळावयाची.

ती तशी कोसळली, पण सर्वांवर सारखी नव्हे. ता. ११ फेब्रुवारी १८१८ च्या जाहीरनाम्यांत एल्फिन्स्टननें वतनें, इनामें व वर्षासनें चालविण्याचें अभिवचन दिलें, आणि बाजीरावाची चाकरी दोन महिन्यांच्या आंत सोडून घरीं जाण्यास सांगितलें. यायोगें आश्रितांचे दोन वर्ग पडले. ज्यांजवळ सनद होती त्यांचें उत्पन्न कांहीं काळ टिकलें. ज्यांचें पोट केवळ महिन्याच्या रोजमुऱ्यावर, त्यांजवळ दाखविण्यास कांहींच नव्हतें. पहिला वर्ग पुण्यास व गांवच्या इनामास चिकटून राहिला. दुसरा पांगला.

हे पांगलेले लोक कोठें गेले, हा खरा प्रश्न होय. कांहीं बाजीरावाबरोबर ब्रह्मावर्तास गेले व त्याच्या आठ लक्षांच्या वार्षिक नेमणुकीवर इ. स. १८५१ पर्यंत, म्हणजे त्याच्या मृत्यूपर्यंत, जगले. पुष्कळ शिलेदार व बारगीर आपापल्या गांवीं शेतीवर परतले. गडांवरील पहारे व गांवांची जागल यांवर पोट असलेल्या रामोशांची स्थिति त्याहून कठीण झाली. उमाजी नाइकाचें बंड व इ. स. १८३२ मध्यें पुण्यास त्यास झालेली फांशी या हकीकती सर्वश्रुत आहेत. परंतु त्या बंडाच्या मुळाशीं हक्क व चाकरी गमावलेल्या लोकांची तक्रार होती, हें विसरतां येत नाहीं. लेखणीवर पोट असणारांस कंपनीच्या कचेऱ्यांत वाव मिळाला. लोकहितवादींचें घराणें याचें उत्तम उदाहरण होय. त्यांचे वडील बापू गोखल्यांच्या पदरीं होते, बापू गोखले २० फेब्रुवारी १८१८ रोजीं अष्टीच्या लढाईंत पडले, आणि इ. स. १८२३ मध्यें जन्मलेले गोपाळ हरि देशमुख पुढें १८४४ मध्यें कंपनीच्या नोकरींत शिरून न्यायखात्यांत चढले. एका पिढीची चाकरी गेली व दुसऱ्या पिढीस मिळाली. मध्यें पंचवीस वर्षें लोटलीं.

वैदिक व शास्त्री यांच्यासाठीं सालीना ५० हजार रुपये दक्षिणेकडे राखण्यांत आले व इ. स. १८२१ मध्यें विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. तथापि सनदी उत्पन्नावर जगणाऱ्या वर्गाचाही आधार कायमचा नव्हता. इ. स. १८५२ च्या ११ व्या कायद्यान्वयें इनाम कमिशननें सनदांची कसून चौकशी आरंभली, आणि ज्यांचे कागद पुरे पडले नाहींत त्यांचीं इनामें खालसा झालीं. या अर्थानें पुण्यावर बेकारीचे आघात दोन झाले : एक १८१८ चा, सनद नसणारांवर, दुसरा १८५२ नंतरचा, सनद असून ती सिद्ध करतां न येणारांवर.

आतां मुंबईकडे वळूं. पुण्याच्या बेकारांस मुंबईनें सामावून घेतलें असतें तर त्यासाठीं तीन गोष्टी अवश्य होत्या : जाण्यास वाट, करण्यास काम, आणि तें काम येणारे हात. वाटेचें पाहतां, बोरघाटांतील गाडीरस्ता इ. स. १८३० मध्यें माल्कमच्या कारकीर्दींत खुला झाला. रेल्वे खंडाळ्यापासून पुण्यास १८५८ मध्यें आली, आणि घाटांतील मार्ग पुरा होऊन थेट गाड्या सुरू झाल्या त्या १८६३ मध्यें. कामाचें पाहतां, कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५४ मध्यें स्थापन होऊन १८५६ मध्यें चालू झाली. खडकीच्या लढाईच्या वेळीं तीस वर्षांचा असलेला बारगीर ती गिरणी सुरू झाली तेव्हां एकोणसत्तर वर्षांचा झाला असता! ज्याची चाकरी गेली तो गिरणींत जाणें शक्यच नव्हतें. गिरणींत गेले ते दुसऱ्याच मुलखांतील व दुसऱ्याच पिढीचे लोक. इ. स. १८८१ च्या शिरोगणतींत मुंबईंत राहणाऱ्या पण रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेल्या लोकांची संख्या सव्वा लाखाच्या घरांत भरली. त्यांस मुंबईस आणणारी वाट समुद्राची होती, घाटाची नव्हे.

मुंबई व घाटमाथा यांचा संबंधच नव्हता, असें आम्ही म्हणत नाहीं. इ. स. १८०२ मध्यें यशवंतराव होळकरानें हडपसरास जय मिळवून पुणें लुटलें व पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला, तेव्हां अन्नान्न झालेले लोक मुंबई बेटावर आले. बोरघाटांतील रेल्वेच्या बांधणीवर एका वेळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर खपत होते. परंतु हीं माणसें पोटासाठीं मजुरीस आलेलीं होतीं. चाकरी गमावलेला पुणेकर मजुरीस गेला, असें यावरून ठरत नाहीं. कारण चाकरी व मजुरी यांमध्यें जातीचें, अब्रूचें व सवयीचें अंतर होतें.

लोकसंख्येचे आंकडे याच निष्कर्षास पुष्टि देतात. इ. स. १८४९ मध्यें मुंबईची वस्ती ५,६६,११९ होती, व १८५१ मध्यें पुणें शहराची सुमारें ७३ हजार. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसास सोन्याचें मोल आलें व १८६४ च्या गणतींत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. १८६५ मध्यें युद्ध संपलें, कापसाचे भाव कोसळले, भरणीच्या कंपन्यांचे भाग मातीमोल झाले, व बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. १८७२ च्या शिरोगणतींत मुंबईची वस्ती ६,४४,४०५ वर आली. आठ वर्षांत १,७२,१५७ माणसांची ही घट. त्याच १८७२ सालीं पुण्याची वस्ती लष्कर धरून १,१८,८८६ होती. म्हणजे भरभराटीच्या शहरानें आठ वर्षांत जितकीं माणसें गमावलीं, तितकीं साऱ्या पुण्यांत नव्हतीं. १८६४ ची गणती तेजीच्या ऐन भरांत झाली ही गोष्ट जमेस धरूनही हा फरक डोळ्यांत भरतो. पुढें १८८१ मध्यें मुंबईची वस्ती ७,७३,१९६ झाली, म्हणजे शेंकडा २० नीं वाढली. पुण्याची १,२९,७५१ झाली, म्हणजे शेंकडा ९ नीं. मुंबई भरतीओहोटीप्रमाणें वाढली व ओसरली. पुणें संथपणें टिकलें.

मुंबईच्या बंदराचा पुण्याच्या धंद्यांवर जो परिणाम झाला, तोही एकाच दिशेचा नव्हता. कसब्यांतील कागदीपुऱ्याचा धंदा विलायती कागदानें खालावला. याचा पुरावा शोधण्यास आमच्या वाचकांस दूर जावयास नको. आपल्या संग्रहांतील रुमाल सोडून जुन्नरी कागद कोठें संपतो व पाण्याच्या छापाचा विलायती कागद कोठें सुरू होतो तें पाहावें, म्हणजे एका कारागीरवर्गाची बेकारी हातास लागेल. उलट त्याच बंदरांतून आलेल्या तांब्यापितळेच्या पत्र्यानें व रेल्वेनें मिळालेल्या गिऱ्हाइकानें तांबटांचा धंदा वाढला. एकाच शहरांत, एकाच कारणानें, एक आळी बसली व दुसरी उठली.

सारांश, पुण्याची बेकारी ही घराण्यांची होती. ती सावकाश मुरली, पिढी पालटतांच शाळेच्या व कचेरीच्या वाटेनें निवाली. मुंबईची बेकारी सुट्या माणसांची होती. ती एका हंगामांत येई व माणूस तारवांत बसून गांवीं गेला कीं दिसेनाशी होई. म्हणून मुंबईची बेकारी शिरोगणतीच्या आंकड्यांत सांपडते व पुण्याची घराण्यांच्या दप्तरांत. एका शहराचीं डोकीं व दुसऱ्याच्या सनदा यांची सरळ वजाबाकी करणें हाच त्या प्रचलित विधानांतील मुख्य दोष होय.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. इ. स. १९३० ते १९३४ या काळांत रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. त्यांतील बहुतेक राजकारणाचे व लढायांचे आहेत. घराण्यांचीं दप्तरें पाहतांनाही आपली दृष्टि प्रथम शिक्क्याकडे व सहीकडे जाते. रोजकीर्दी, हजेरीपट, चाकरांच्या पगाराच्या याद्या, वर्षासन बंद झाल्याबद्दलचे अर्ज, कर्जरोखे हे 'किरकोळ' म्हणून बाजूस पडतात व पुढें रद्दींत जातात. परंतु एखाद्या वाड्यांत शके १७३८ मध्यें किती चाकर होते व शके १७४२ मध्यें किती उरले, हें तीच वही सांगते. ज्यांच्याजवळ अशा वह्या असतील त्यांनीं त्यांची निदान वर्षवार यादी तरी करून प्रसिद्धीस द्यावी. खडकीच्या लढाईंत कोण पडले तें आपणांस ठाऊक आहे. तिच्या दुसऱ्या दिवशीं कोणाची चूल बंद झाली, तें या वह्यांवांचून कळणार नाहीं.