पारिजातक कोणता?

पोथींत ‘पारिजातक’ हें नांव आलें कीं, पहाटे अंगणांत सडा घालणारा प्राजक्त डोळ्यांपुढें येतो. परंतु अमरकोशांत हा शब्द पारिभद्राच्या, म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्या, पर्यायांत दिला आहे. आणि प्राजक्त संस्कृत काव्यांतून बहुधा शेफालिका या नांवानें येतो. तेव्हां केवळ नांवावरून वनस्पति ठरविणें आम्हांस धोक्याचें वाटतें.

हें नांव प्राजक्तास लागल्याचा एक सनवार पुरावा गोमंतकांत मिळतो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता इ. स. १५३४ त गोव्यास आला. त्याचा औषधिद्रव्यांवरील संवादात्मक ग्रंथ तेथेंच इ. स. १५६३ त छापला गेला. त्यांत रात्रीं फुलणाऱ्या ‘दुःखी वृक्षा’चें वर्णन असून त्याचें स्थानिक नांव ‘पारिझाताको’ असें दिलें आहे. म्हणजे निदान त्या सालीं तरी गोव्यांत पारिजातक म्हणजे प्राजक्त हें रूढ होतें.

ऑर्ता एक लोककथाहि देतो. पारिजातक नामक सरदाराची कन्या सूर्यावर अनुरक्त झाली. त्यानें टाकल्यावर तिनें प्राण दिला. तिच्या चितेच्या राखेंतून हें झाड उगवलें. म्हणून त्याचीं फुलें सूर्याचें तोंड पाहात नाहींत. श्रीकृष्णानें सत्यभामेसाठीं पारिजात आणल्याच्या पौराणिक कथेहून ही निराळी आहे. तरी ती ऑर्तानें रचली असें आम्हांस वाटत नाहीं. या फुलांच्या नारिंगी देठांनीं केशराप्रमाणें अन्नास रंग देतात, असेंहि तो लिहितो. आणि त्या देठांतील रंगद्रव्य केशरांतील क्रोसेटिनच होय, हें विसाव्या शतकांतील रसायनशास्त्रानें दाखविलें आहे. स्वयंपाकघरांतील गोष्ट जो इतकी नेमकी टिपतो, त्यानें कथाहि ऐकूनच लिहिली असावी.

पोथीसंग्राहकांस आमची सूचना एवढीच. सुगंध, नारिंगी देठ, रात्रीं उमलून पहाटे गळणें, भुईवर पडलेलीं फुलें वेंचून देवास लाखोली वाहणें, यांपैकीं खूण असेल तेथें खडकाळ, कोरड्या उतारावरहि तगणारें हें प्राजक्ताचें झुडूप समजावें. कांटेरी खोड व तांबडीं निर्गंध फुलें असतील तेथें पांगारा समजावा. एकहि खूण नसेल तेथें मूळ शब्द तसाच राखावा. अर्थ लादूं नये.