एका रुळावर दोन इंजिने

चावी भरून सोडायची पत्र्याची आगगाडी आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिली असेल. तिच्याबाबतीत नियंत्रणाचा प्रश्नच नसतो. चावी भरली की ती धावते आणि संपली की थांबते. विजेवर धावणाऱ्या छोट्या रेल्वेचे तसे नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. ते पाहणाऱ्याला लगेच कळते, की खरी गंमत एका गाडीची नसते. एक गाडी फलाटावर उभी आहे, दुसरी सिग्नलची वाट पाहते आहे आणि तिसरी पुलावरून निघाली आहे, हे सगळे एकाच वेळी घडते तेव्हा खेळण्याची रेल्वे होते. पण हे घडवून आणायचे कसे? या साध्या प्रश्नाच्या उत्तराला साठएक वर्षे लागली.

आधी अडचण काय होती ते पाहू. नेहमीच्या मांडणीत दोन रुळांतून एकदिश वीज सोडतात, साधारण बारा व्होल्टपर्यंत. चाकांवाटे ती इंजिनातल्या मोटरला मिळते. दाब वाढवला की वेग वाढतो आणि रुळांचे धन-ऋण उलटे केले की गाडी मागे जाते. पण हा हुकूम मिळतो रुळाला. त्या रुळावर दुसरे इंजिन ठेवले, तर तेही पहिल्याबरोबरच निघते आणि पहिल्याबरोबरच थांबते.

न्यूरेंबर्गच्या ट्रिक्स कंपनीने १९३५ मध्ये यावर एक तोडगा आणला. तिच्या मांडणीत मधोमध तिसरा रूळ होता आणि तिन्ही रूळ एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने अलग ठेवलेले होते. त्यामुळे एका मार्गावर दोन गाड्या स्वतंत्रपणे चालवता येत. वर तारा टाकल्या तर तिसरीही चाले. पण गणित तिथेच संपत असे. चौथ्या गाडीसाठी चौथा रूळ कुठून आणायचा?

मोठ्या मांडण्या करणाऱ्यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी रुळांचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा खटका बसवला. गाडी पुढच्या तुकड्यात शिरायच्या आत चालकाने तो तुकडा आपल्या ताब्यात घ्यायचा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत, म्हणजे एमआयटीत, १९४६ मध्ये विद्यार्थ्यांचा एक रेल्वे-मॉडेल क्लब निघाला. तिथल्या मुलांनी टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले वापरून हे काम यंत्रावर सोपवले. कोणता फोन कोणाला जोडायचा हे ठरवणारे यंत्र आता कोणता रूळ कोणाच्या हाती द्यायचा हे ठरवू लागले. याच क्लबमधली काही मुले पुढे संगणकाकडे वळली. ‘हॅकर’ हा शब्द संगणकाच्या जगात रूढ करण्यात या क्लबचा मोठा वाटा आहे.

तरीही खटक्यांचे ओझे हलके झाले नाही. मांडणीखाली तारांचे जंगल वाढतच होते. खरी गरज होती ती रुळाला सोडून थेट इंजिनाशी बोलण्याची. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६० च्या दशकात ‘ॲस्ट्रॅक’ नावाची पद्धत आणली. तिच्यात पाच इंजिनांना पाच वेगळे संकेत एकाच रुळातून पाठवले जात. कल्पना बरोबर होती, पण इलेक्ट्रॉनिक भाग तेवढे लहान झालेले नव्हते. चिप स्वस्त झाल्यावर, १९७९ मध्ये, इंग्लंडच्या हॉर्नबी कंपनीने ‘झीरो वन’ आणली आणि सोळा इंजिनांना सोळा क्रमांक मिळाले. १९८० च्या दशकाच्या मध्याला जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने आपली डिजिटल पद्धत आणली. तिच्यात ऐंशी इंजिनांची सोय होती.

म्हणजे प्रश्न सुटला असे वाटेल. प्रत्यक्षात इथूनच नवा प्रश्न सुरू झाला. हॉर्नबीचे इंजिन हॉर्नबीच्याच पेटीचे ऐकणार आणि मार्कलिनचे मार्कलिनच्या. पेटी घेतली की कंपनीशी लग्नच लागले म्हणायचे. आणि कंपनीने हात काढून घेतला तर? ‘झीरो वन’चे तेच झाले. १९८० च्या दशकातच ती बंद पडली. ज्यांनी एकेका इंजिनात तिचे भाग बसवून घेतले होते, त्यांना नवे भाग मिळेनासे झाले. इंजिने धडधाकट होती, पण त्यांची भाषा बोलणारे दुकान उरले नव्हते.

या प्रश्नाला हात घातला तो शौकिनांच्या एका संघटनेने. अमेरिकेतली ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ १९३५ मध्ये मिलवॉकी शहरात स्थापन झाली होती. तिचा जन्मच अशा भांडणातून झाला. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या रुळावर नीट चालत नसे. मग रुळांमधले अंतर आणि चाकांच्या कडांची मापे सर्वांसाठी सारखी ठरवण्याचे काम या संघटनेने अंगावर घेतले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या तंत्रज्ञांनी बाजारातल्या डिजिटल पद्धती तपासल्या आणि जर्मनीतल्या गीसेनच्या बेर्न्ड लेन्त्स यांची पद्धत पाया म्हणून निवडली. लेन्त्स यांनी ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस मार्कलिन आणि आर्नोल्ड या कंपन्यांच्या दोन रुळांच्या गाड्यांसाठी तयार केली होती. संघटनेने त्यांच्याकडून परवानगी घेतली, पद्धतीत भर घातली आणि १९९० च्या दशकाच्या मध्याला ती सर्वांसाठी खुले मानक म्हणून जाहीर केली. तिचे नाव डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजेच डीसीसी.

ही भाषा मोठी सुटसुटीत आहे. रुळांत सतत पूर्ण दाबाची वीज असते, मात्र तिचे धन-ऋण सेकंदात हजारो वेळा उलटत राहते. हा पालट लवकर झाला, म्हणजे प्रत्येक अर्धा भाग सुमारे ५८ मायक्रोसेकंदांचा असला, तर त्याचा अर्थ ‘एक’. तो सुमारे १०० मायक्रोसेकंद किंवा त्याहून लांबला तर ‘शून्य’. एक आणि शून्य यांच्या माळेतून निरोप तयार होतो : अमुक क्रमांकाच्या इंजिनाने अमुक वेगाने पुढे जावे. शेवटी एक पडताळा जोडलेला असतो. धुळीमुळे निरोप बिघडला तर इंजिन तो टाकून देते आणि पुढच्या निरोपाची वाट पाहते. इंजिनातली छोटी चिप, म्हणजे डीकोडर, आपल्या क्रमांकाचेच निरोप ऐकते. पोस्टमनने गल्लीतल्या सगळ्यांची पत्रे मोठ्याने वाचावीत आणि ज्याने त्याने आपल्यापुरते ऐकावे, तसे हे आहे. नव्या डीकोडरला सहसा ‘तीन’ हा क्रमांक दिलेला असतो. मालकाने तो बदलून घ्यायचा.

आता यातली खरी मेख. संघटनेने भाषा ठरवली ती रुळांवरची. चालकाच्या हातातला नियंत्रक मधल्या पेटीशी कसा बोलणार, हे तिने तेव्हा कंपन्यांवर सोडले. लेन्त्स यांची ‘एक्स्प्रेसनेट’ वेगळी आणि अमेरिकेतल्या डिजिट्रॅक्सची ‘लोकोनेट’ वेगळी. म्हणून डीकोडर कोणाचाही घेतला तरी चालतो, पण पेटी घेताना मात्र विचार करावा लागतो. पुढे लागणारे जास्तीचे नियंत्रक त्याच घराण्यातले घ्यावे लागतात. निवड करणाऱ्याने किमतीच्या आधी विचारायचा प्रश्न हाच आहे : यातला कोणता भाग सर्वांचा आहे आणि कोणता एकाच कंपनीचा?

खुली भाषा कागदावर आली म्हणून ती सुरक्षित झाली असेही नाही. बर्कलीतले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसन यांनी इतर हौशी मंडळींबरोबर ‘जेएमआरआय’ नावाची संगणक-प्रणाली तयार केली. तिच्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या पेट्या आणि डीकोडर एकाच संगणकावरून हाताळता येतात. ती फुकट होती, पण वापरताना मूळ कर्त्यांचे नाव द्यावे आणि केलेले बदल सांगावेत, अशा अटी होत्या. या प्रणालीतल्या डीकोडरांच्या माहितीच्या फायली एका व्यावसायिक प्रणालीत या अटी न पाळता वापरल्याचा वाद २००६ मध्ये कोर्टात गेला. खालच्या कोर्टाने जेकबसन यांना मनाईहुकूम नाकारला. ऑगस्ट २००८ मध्ये वरच्या कोर्टाने तो निर्णय बाजूला ठेवला. एखादी वस्तू फुकट दिली म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडला असे होत नाही आणि अशा परवान्याच्या अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असे त्याने म्हटले. २०१० मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. फुकट वाटल्या जाणाऱ्या संगणक-प्रणालींच्या कायद्याबद्दल बोलताना आजही या खटल्याचा आधार घेतला जातो. खेळण्यातल्या आगगाडीने कायद्याच्या पुस्तकात अशी जागा मिळवली.

निकाल बाजारानेही दिला. २००० च्या दशकात हॉर्नबी पुन्हा डिजिटलकडे वळली, तेव्हा तिने स्वतःची भाषा न काढता डीसीसीच घेतली. मार्कलिनने २००४ मध्ये आपली नवी पद्धत आणली खरी, पण पुढे तिच्या मध्यवर्ती पेट्यांनाही डीसीसी समजू लागली. आज तर अर्दुइनोच्या स्वस्त इलेक्ट्रॉनिक पट्टीवर घरच्या घरी डीसीसीची पेटी तयार करता येते. तिचा प्रोग्राम आणि भाषेचे नियम दोन्ही सर्वांसाठी खुले आहेत.

‘झीरो वन’वाल्यांकडे गाड्या होत्या, रूळ होते, हौसही होती. त्यांचे अडले ते एका कंपनीने मुठीत ठेवलेल्या कोष्टकापाशी. डीसीसीचे कोष्टक कोणालाही उघडून वाचता येते. त्यामुळे १९९० च्या दशकात डीकोडर बसवलेले इंजिन, त्याची मोटर शाबूत असेल तर, आज विकत घेतलेल्या पेटीचाही हुकूम ऐकते, मग ती पेटी कोणत्याही देशातल्या कोणत्याही कंपनीची असो.