चरबी, खार आणि साबण : सुरतच्या संदर्भात एका घरगुती कारागिरीचा इतिहास

प्रास्ताविक

'चरबी' हा शब्द फारसीतून आला, 'साबण' हा अरबी 'साबून'वरून, तर 'खार' हा संस्कृत 'क्षार'चा वंशज आहे. तीन भाषांतून आलेले हे तीन शब्द मराठी, गुजराती आणि उर्दू बोलणाऱ्या घरांत इतके रुळले आहेत की त्यांचे मूळ कोणाच्या ध्यानातही येत नाही. अरबी 'साबून' हाही मुळात लॅटिन 'सापो'पर्यंत जातो. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात या पदार्थाची नोंद करताना तो चरबी आणि राख यांपासून बनतो, असे लिहिले आहे. म्हणजेच साबणाच्या जुन्या नोंदींपैकी एक नोंद चरबीच्याच साबणाची आहे. मात्र साबणाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा कारखान्यांपासून सुरुवात करतो आणि घरातल्या चुलीवर कढवलेली चरबी विसरतो. प्रस्तुत लेखात सुरत बंदर आणि त्याच्या आसपासचा प्रदेश समोर ठेवून या विसरलेल्या बाजूचा विचार केला आहे.

सुरत आणि चरबीचे ग्राहक

1573 मध्ये अकबराने सुरत जिंकली आणि पुढील शतकभरात ते मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर बनले. हजयात्रेकरूंची जहाजे येथूनच सुटत. मराठी वाचकाला सुरत आठवते ती 1664 आणि 1670 च्या शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांमुळे. तथापि, ज्या संपत्तीमुळे या स्वाऱ्या झाल्या, ती संपत्ती मुख्यतः कापडाच्या व्यापारातून आलेली होती आणि कापड म्हटले की धुलाई आलीच.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कापड शुभ्र करण्यासाठी सर्वत्र साबणच वापरला जात असे, असे नाही. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने भडोच येथे कापड शुभ्र करण्यासाठी लिंबाचा वापर होत असल्याचे लिहिले आहे. धोबी खारी माती वापरत, तर घरोघरी रिठा आणि शिकेकाई होती. साबणाची खरी गरज रेशमाला होती. कच्च्या रेशमावरील डिंकासारखा थर साबणाच्या किंवा खाराच्या पाण्यात उकळल्याशिवाय निघत नाही आणि तो निघाल्याशिवाय रेशमाला चमक येत नाही. किनखाब आणि मशरू यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या प्रदेशात त्यामुळे साबणाला कायमचे गिऱ्हाईक होते.

दुसऱ्या बाजूला चरबीचे ग्राहकही अनेक होते. दिवे, चामड्याचे काम, गाड्यांची वंगणे, जहाजांच्या तळाला लावायचा लेप अशा सर्वच ठिकाणी ती लागे. घरात चरबी वाया जात नसे, याचे कारण हेच.

गुजरातेतील साबणाची केंद्रे

सुरतच्या उत्तरेस कपडवंज हे साबणाचे जुने केंद्र. इम्पिरियल गॅझेटियरात या गावाचे उद्योग म्हणून साबण, काच आणि तुपाचे कातडी बुधले यांचा उल्लेख आहे. साबण आणि काच हे दोन्ही उद्योग एका गावी असणे हा योगायोग नव्हे, कारण दोन्हींना सोडायुक्त खार लागतो. कपडवंज हे बोहरा समाजाचेही मोठे ठिकाण असून 'साबुवाला' हे आडनाव आजही त्या समाजात आढळते. अनेकदा कागदपत्रांनी न राखलेला व्यवसायाचा इतिहास आडनावांनी राखलेला असतो, तो असा.

या प्रदेशात तेलाचाही साबण होत असे. मोहाच्या बियांचे, म्हणजे टोळंबीचे, तेल गुजरातेत 'डोळियुं' या नावाने ओळखले जाते व ते साबणासाठी वापरले जाई. मांसाहार न करणारा वाणी-जैन समाज जेथे प्रमुख गिऱ्हाईक होता, तेथे तेलाच्या साबणाला मागणी असणे स्वाभाविक होते.

घरातील कृती

चरबी कढवण्याची पद्धत सर्वत्र जवळपास सारखीच आहे. मेंढ्या-बकऱ्याच्या गुर्द्याभोवतालची चरबी सर्वांत घट्ट व चांगली मानली जाते. तिच्यावरील पापुद्रे व मांसाचे कण काढून बारीक तुकडे करतात आणि पाणी व थोडे मीठ घालून मंद आचेवर ठेवतात. पाणी घालण्यामागे अनुभवाचे शहाणपण आहे : पाणी असेपर्यंत चरबी करपत नाही. ती कपड्यातून गाळून थंड केली की वर पांढरी चकती जमते. तिच्या तळाचा तपकिरी थर खरवडून टाकतात आणि वास राहिल्यास हीच कृती पुन्हा करतात. चकतीत मांसाचा अंश राहिला तर ती लवकर कुजते.

पुढचा टप्पा खाराचा. सज्जीखार आणि कळीचा चुना पाण्यात कालवून तयार होणारे पाणी नुसत्या सज्जीखारापेक्षा कितीतरी तीव्र असते. चुन्याने क्षार तीव्र करण्याची युक्ती सुश्रुतसंहितेतील क्षारपाकातही आहे. एक किलो मेंढीच्या चरबीला आजच्या हिशेबाने सुमारे 140 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. लाकडाच्या राखेच्या खाराने साबण मऊ होतो, मात्र त्यात मीठ घातले की तो घट्ट होऊन वेगळा निघतो. हे काम मातीच्या किंवा लोखंडी भांड्यातच करावे लागते, कारण तीव्र खार कल्हई आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातो. थोड्या निष्काळजीपणाने हात आणि डोळे गमावण्याची भीती असलेले हे काम स्त्रिया घरकामाचा भाग म्हणून करीत. त्याला कोणी कारागिरी म्हटले नाही, इतकेच.

पाक-नापाकचा प्रश्न

मुस्लिम घरात या कामाला धार्मिक बाजूही होती. जिबह केलेल्या जनावराच्या चरबीबाबत प्रश्नच नव्हता. कुर्बानीच्या जनावराचे अवयव घरात वापरता येतात. मात्र ते कसाबाला मजुरी म्हणून देता येत नाहीत. मृत जनावराच्या चरबीचा प्रश्न वेगळा. जहाजांना, चामड्यांना आणि दिव्यांना ती वापरण्याविषयी मक्काविजयाच्या वर्षी विचारणा झाली आणि प्रेषितांनी (स.) मनाई केली, अशी हजरत जाबिर यांची रिवायत बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ही मनाई विक्रीला आहे की वापरालाही, यावर फकीहांत मतभेद आहेत.

अपवित्र चरबीचा साबण झाल्यावर काय? हनफी फिक्हमध्ये 'इस्तिहाला', म्हणजे पदार्थाचे मूळ स्वरूपच पालटणे, या तत्त्वानुसार इमाम मुहम्मद यांच्या मतावर असा साबण पाक मानला गेला. शाफई फिक्हमध्ये या तत्त्वाची व्याप्ती फार मर्यादित आहे. रांदेरच्या हनफी घरात आणि कोकणच्या शाफई घरात म्हणूनच एकाच वडीकडे दोन दृष्टींनी पाहिले जाणे शक्य होते.

कारखाना आणि संशय

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायती साबण आला आणि त्यातील चरबी कोणत्या जनावराची, हा प्रश्न घराबाहेर गेला. 1857 च्या काडतुसांनी या प्रश्नाची धार दाखवली होतीच. अर्देशर गोदरेज यांनी 1919 च्या सुमारास प्राणिज चरबी नसलेला साबण आणला, त्यामागे स्वदेशीइतकीच ही जाणीवही होती. 1934 मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत साबणासारख्या घरगुती उद्योगांना प्रोत्साहन दिले. पुढे 1983 मध्ये आयात चरबीची वनस्पती तुपात भेसळ झाल्याचे प्रकरण गाजले आणि गाईच्या चरबीच्या आयातीवर बंदी आली.

समारोप

घरात चरबी कढवणाऱ्या बाईला ती चरबी कोणत्या जनावराची आणि ते कसे कापले गेले, हे ठाऊक असे. कारखान्याने साबण स्वस्त केला, सुरक्षितही केला, हे मान्य करायलाच हवे; पण ती माहिती मात्र वापरणाऱ्याच्या हातून गेली. माहिती गेली तेथे संशय आला आणि संशयाचा फायदा घेणारेही आले. म्हणून या कारागिरीची नोंद केवळ आठवणींसाठी नको. ज्या वृद्ध स्त्रियांनी हे काम केले वा पाहिले, त्यांच्याकडून शब्द, मापे आणि कृती लिहून घेणे हे आपल्या विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगे संशोधन आहे. ते लवकर व्हावे, ही अपेक्षा.