पकड मोठी की चढाई? एका वादाची कुळकथा

नागपूरच्या नंदनवनात ग्रेट नाग रोडवर, जगनाडे चौकाच्या आसपास, प्रो कबड्डीच्या दिवसांत संध्याकाळी चहाच्या टपरीवर दोन पक्ष ठरलेले असतात. एक म्हणतो, "रेडर नसला तर पॉइंट काय झाडाले लागतात का बे?" दुसरा म्हणतो, "अन् पकडच नाही झाली तं तुया रेडर बाकावर बसून काय करन?" आवाज चढतात, चहा थंड होतो आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा सुरू होते. विदर्भाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो, लीगमध्ये मात्र आपल्या गावाचा संघ नाही. त्यामुळे इथला माणूस मुंबई-पुण्यापेक्षा एखाद्या खेळाडूवर जीव लावतो आणि वादाला अधिकच धार येते. २०१७ साली बेंगळुरू बुल्सने आपले घरचे सामने मानकापूरच्या क्रीडा संकुलात खेळले, तेव्हापासून तर नागपूरकरांनी हा वाद दत्तकच घेतला आहे.

पकडवाल्यांचे एक आवडते वाक्य आहे: चढाई सामना जिंकून देते, पकड स्पर्धा जिंकून देते. समालोचक ते म्हणतात, प्रशिक्षक म्हणतात, आता शाळेतली पोरेही म्हणतात. हे वाक्य आले कुठून, याचा शोध घेताना मी थेट अमेरिकेत जाऊन पोहोचलो.

तिथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे हातात अंडाकृती चेंडू घेऊन खेळल्या जाणाऱ्या त्या धसमुसळ्या खेळात, क्वार्टरबॅक नावाचा एक सूत्रधार असतो. जवळपास प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू होतो, सगळ्यात जास्त पैसा त्यालाच मिळतो. समोर त्याला रोखणारी बचावफळी. अजिंक्यपद कोण मिळवून देतो, क्वार्टरबॅक की बचाव, यावर तिकडे पिढ्यानपिढ्या भांडणे चालली आहेत. आक्रमणामुळे तिकिटे खपतात आणि बचावामुळे विजेतेपद मिळते, ही तिकडची म्हण अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक पॉल 'बेअर' ब्रायंट यांच्या नावावर सांगितली जाते. फेब्रुवारी २०१४ मध्ये या म्हणीला भक्कम पुरावा मिळाला. डेन्व्हर ब्रॉन्कोजने त्या मोसमात क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगच्या जोरावर साखळीत ६०६ गुणांचा विक्रम केला होता. सुपर बोल या अंतिम सामन्यात सिअ‍ॅटल सीहॉक्सच्या बचावाने त्याच संघाला ४३-८ असे लोळवले.

त्याच वर्षी जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली. इंग्रजीतल्या जुन्या कबड्डी नियमांत पकडणाऱ्याला 'अँटी' म्हणत आणि पकडीला 'कॅच' किंवा 'होल्ड'. लीगच्या पडद्यावर झळकू लागला तो 'टॅकल', रग्बी आणि फुटबॉलच्या घरातला शब्द. शब्द आला तशी म्हणही मागोमाग आली, असा माझा तर्क आहे. दूरचित्रवाणीसाठी खेळ सजवणाऱ्यांनी बाहेरच्या खेळांची भाषा आणली आणि बेअर ब्रायंटची म्हण कबड्डीच्या मॅटवर येऊन बसली.

पण उसनी आली ती म्हण. भांडण आपले आहे आणि ते लीगपेक्षा निदान नव्वद वर्षांनी मोठे आहे. त्याचा जन्म साताऱ्याचा, असे मी ठामपणे म्हणतो.

कबड्डीचा ज्ञात प्रवास बहुतेकांना पाठ आहे. १९२१ साली साताऱ्यात नियमांची चौकट बसली, १९२३ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय स्पर्धा झाली, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ जगाला दाखवला, बुवा साळवींनी त्यासाठी आयुष्य वाहिले, १९९० मध्ये बीजिंगच्या एशियाडमध्ये तो पदकाचा खेळ झाला. यातला सगळ्यात पहिला टप्पा सगळ्यात घाईने सांगितला जातो. माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

त्या काळी हुतूतू एकच नव्हता. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राही, समोरच्यांना फक्त गुण मिळे. गामिनीत बाद झालेला बाहेर जाई तो संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. संजीवनीत मात्र आपण समोरचा एक गडी बाद केला की आपला एक गडी जिवंत होऊन परत येई. साताऱ्याच्या नियमांत संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घातला गेला आणि आज जगभर खेळली जाते ती कबड्डी पुनरुज्जीवनाच्या तत्त्वावर उभी राहिली.

आता आपला वाद या तिन्ही प्रकारांना लावून बघा. अमरमध्ये तो संभवतच नाही. चढाईचा एक गुण, पकडीचा एक गुण, बेरीज केली की उत्तर मिळाले. गामिनीत तो पकडीच्या बाजूने निकालात निघतो: समोरचा हुकमी चढाईपटू एकदा पकडला की डाव संपेपर्यंत त्याची कटकट मिटली. संजीवनीत मात्र गुंता होतो. पकडलेला चढाईपटू कायमचा जात नाही, त्याचा सहकारी गुण मिळवतो आणि तो पुन्हा उभा राहतो. म्हणजे चढाईवाल्यांची बाजू भक्कम झाली? तसे वाटते खरे. पण त्याला उठवतो कोण, हे विचारायचे राहून जाते.

मला सापडलेला दुवा हाच. तुमचा हुकमी चढाईपटू बाकावर असतो तेव्हा चढाईला जातो तो दुय्यम गडी. त्याच्याकडून गुण येण्याची शक्यता कमी. अशा वेळी त्या मोठ्या खेळाडूला परत आणण्याचा भरवशाचा मार्ग एकच उरतो: समोरून येणाऱ्याची पकड. बाद झालेले गडी ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने आत येतात, म्हणून त्याच्या आधी दोघे बाहेर गेले असतील तर तीन गुण लागतात. तेवढे झाले की तो उठतो, पुढच्या चढाईत तीन गडी मारतो, आणि टाळ्या त्याला पडतात. देव-दानवांच्या युद्धात शुक्राचार्य शस्त्र घेऊन पुढे येत नव्हते, पण रणात पडलेल्या दानवांना तेच उठवत होते. साताऱ्याच्या नियमांनी ते काम कोपरारक्षकाच्या हाती दिले.

बोनस गुणाची गोष्ट याच्या उलट आहे. समोर सहा किंवा सात गडी असताना चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली तर फळ्यावर गुण चढतो, पण कोणी जिवंत होत नाही. बोनसने फळा हलतो, मैदान हलत नाही. अव्वल पकडीचा, म्हणजे तीन किंवा कमी गड्यांनी केलेल्या पकडीचा, जादा गुणही कोणाला उठवत नाही. मूळ पकडीचा गुण मात्र उठवतो. चढाईपटूच्या नावावरचे आकडे बघताना त्यातले किती बोनसचे, हे म्हणूनच विचारले पाहिजे.

आता याच वादातली एक व्युत्पत्ती. 'कबड्डी' हा शब्द तमिळ 'कै-पिडी', म्हणजे हात धरणे, यावरून आला असे अनेक ठिकाणी छापलेले सापडते. पकडवाल्यांना याहून मोठा आनंद काय? खेळाचे नावच पकड! मी पकडीच्या बाजूचा असूनही ही व्युत्पत्ती मला पटत नाही. पहिली अडचण अशी की, खुद्द तमिळ मुलखात खेळाचे जुने नाव सडुगुडु असे आहे. ज्या भाषेने शब्द दिला म्हणायचे तिनेच तो वापरू नये, हे कसे? दुसरी अडचण मला अधिक मोठी वाटते. बंगालात हाडुडु, आपल्याकडे हुतूतू, तमिळमध्ये सडुगुडु: ही सगळी नावे चढाई करणाऱ्याने एका दमात घोकायच्या आवाजांवरून पडलेली दिसतात. आवाज बघा, एकाच अक्षराची आवर्तने, जीभ न अडखळता श्वास पुरवता येईल अशी. कबड्डीही तसाच घोकला जातो. शत्रूच्या अंगणात शिरलेला गडी "हात धरा, हात धरा" असे कशाला ओरडेल? त्यामुळे नावाच्या वादात मी चढाईवाल्यांना गुण देतो. खेळाचे नाव चढाईने ठेवले, खेळाचा कायदा पकडीने चालवला.

या वादात दमाचाही मोठा वाटा आहे. आज चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ आहे. पूर्वी फक्त श्वास होता. पकडणाऱ्याचे काम गड्याला जमिनीवर आपटणे हे नव्हतेच, त्याचा दम तुटेपर्यंत त्याला धरून ठेवणे एवढेच होते. चवडा धरला, साखळीने कोंडले, आणि कान त्याच्या तोंडाकडे. घड्याळ आल्यावर चढाईपटू मध्यरेषेजवळ वेळ काढून सुखरूप परतू लागला. त्यावर लीगने तोड काढली ती 'करो या मरो' चढाईची: सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसऱ्यात गुण घ्या, नाहीतर बाद व्हा. टीव्हीवर हा नियम चढाईपटूच्या धाडसाचा म्हणून दाखवतात. मला तो पकडीला दिलेला जुना हक्क परत केल्यासारखा वाटतो. पूर्वी श्वास संपे आणि गडी अडचणीत येई, आता चढायांचा हिशेब संपतो आणि तो अडचणीत येतो.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात कडक पुरावा गुजरातचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. २०१७ मध्ये गुजरात फॉर्च्युनजायंट्सच्या दोन्ही कोपऱ्यांवर इराणी खेळाडू होते, फजल अत्राचली आणि अबोजर मिघानी. अशी बचावफळी क्वचित जमते. अंतिम सामन्यात पाटणा पायरेट्सने त्यांना ५५-३८ ने हरवले. पाटण्याच्या परदीप नरवालने त्या मोसमात चढाईचे ३६९ गुण मिळवले, त्यातले १९ या एका सामन्यात. पुढच्या मोसमाच्या अंतिम सामन्यात पुन्हा गुजरात, आणि या वेळी बेंगळुरूच्या पवन सेहरावतने एकट्याने २२ गुण घेतले. निकाल ३८-३३. दोन वर्षे सलग, दोन क्वार्टरबॅक म्हणा हवे तर.

माझे उत्तर असे की, चढाईपटू थोर असतो तेव्हा तो फार वेळ बाहेर बसतच नाही, आणि जो बाहेर बसत नाही त्याला उठवण्याची गरज पडत नाही. परदीपची डुबकी हा नियमाला अपवाद ठरणारा हुन्नर होता. अशा खेळाडूवर संघ उभारता येतो, पण तो जन्मावा लागतो. बचावफळी घडवता येते.

घडवता येते याचा पुरावा जकार्तात मिळाला. २०१८ च्या एशियाडमध्ये भारतीय पुरुषांना उपांत्य फेरीत इराणने २७-१८ असे हरवले. जगातले सर्वोत्तम मानले जाणारे चढाईपटू आपल्याकडे आणि पूर्ण सामन्यात गुण अठरा. महिलांचा अंतिम सामनाही इराणने २७-२४ ने जिंकला, आणि त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्यांनी इराणी मुलींच्या सरावात योगासने आणि प्राणायाम आणला. श्वासावर उभा राहिलेला मराठी मुलखाचा खेळ श्वासाच्याच अभ्यासासह तेहरानला गेला आणि आपल्याला हरवून आला. इराणी खेळाडूंची पकड त्यांच्या कुस्तीतून आली असे म्हणतात, आणि त्यात तथ्य दिसते. पण कुस्तीत एकाला एक धरतो. कोपरा आणि मध्यरक्षक यांनी एकाच क्षणी झडप घालायची, ही शिस्त कबड्डीची आहे.

त्यानंतरचा पुरावा इराणच्याच मोहम्मदरेझा शाडलू याचा. प्रो कबड्डीच्या दहाव्या मोसमात तो पुणेरी पलटणकडे होता, पकडीचे ९९ गुण मिळवले, आणि अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुण्याने अंतिम सामना २८-२५ ने जिंकला. पुढच्या मोसमात तो हरियाणा स्टीलर्सकडे गेला, आणि हरियाणा जिंकले: ३२-२३. समोर पाटणा होते, त्यांच्याकडे त्या मोसमात सर्वाधिक चढाई-गुण घेणारा देवांक दलाल होता. लागोपाठ दोन मोसम, दोन वेगळे संघ, तोच एक पकडणारा. चढाईवाले म्हणतील, शाडलू चढाईही करतो. करतो, पण त्याला विकत घेणारे कशासाठी घेतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

लोणाचा एक बारकावा राहिला. संघ पूर्ण बाद झाला की समोरच्यांना दोन जादा गुण मिळतात, पण बाद झालेले सातही परत येतात. म्हणून बचाव कच्चा असलेला संघ कधीकधी शेवटच्या एक-दोघांना लवकर बाद होऊ देतो, म्हणजे बाकावरचा हुकमी चढाईपटू आत येईल. जी गोष्ट एका पकडीने फुकटात मिळाली असती तिच्यासाठी दोन गुण मोजायचे. कच्च्या पकडीची किंमत इतकी उघड दुसरीकडे कुठे दिसत नाही.

तरीही गुणफलकावर ही किंमत कुठेच लिहिली जात नाही. चढाईचे गुण, पकडीचे गुण, बोनस, लोण, सगळ्यांना रकाने आहेत. कोणाच्या गुणामुळे कोण उठला, याला रकाना नाही. खासदार क्रीडा महोत्सवात किंवा मोहल्ल्याच्या सामन्यात नोंदवही घेऊन बसणाऱ्यांना मी हेच सुचवतो: प्रत्येक गुणापुढे उठलेल्या गड्याचा क्रमांक लिहा. बोनस आणि अव्वल पकडीचा जादा गुण यांपुढे रेघ मारा, कारण त्यांनी कोणी उठत नाही. लोणाने उठलेल्यांचा हिशेब वेगळा ठेवा. मग संघाचा सर्वोत्तम चढाईपटू किती वेळा उठला आणि त्यातला किती वेळा पकडीमुळे, एवढे मोजा. माझा अंदाज आहे की जिंकणाऱ्या संघात पकडीचा आकडा मोठा निघेल. तो तसा न निघाल्यास चढाईवाल्यांनी वही घेऊन जगनाडे चौकात यावे.